नवे यमपट

आमच्या सोयगावासारख्या तालुक्याच्या गावी मुलांच्या हाती पूर्वी जी पुस्तके दिसत, त्यांत इसापनीती, पंचतंत्र, वेताळ पंचविशी आणि फार तर एखादी रहस्यकथा असे. हल्ली त्यांच्या जोडीला, किंबहुना त्यांच्या जागी, जपानी चित्रकथा आल्या आहेत. जपानी भाषेत त्यांस 'मांगा' म्हणतात. काही मुले त्या छापील पुस्तकांतून वाचतात, पुष्कळशी मोबाइलच्या पडद्यावर वाचतात. आणि मूळ भाषा कोणासच अवगत नसल्यामुळे सर्वांची भिस्त इंग्रजी भाषांतरावर असते. ही पुस्तके उजवीकडून डावीकडे उलगडावयाची असल्यामुळे घरातील वडील माणसांचा पहिला आक्षेप असा की, पोरे पुस्तक शेवटाकडून वाचतात. दुसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. त्यांतील पुष्कळ कथा मरणाने सुरू होतात. नायक पहिल्या काही पानांतच मरतो, किंवा त्याला मेलेली माणसे दिसतात, किंवा प्रत्यक्ष मृत्युदेवच त्याचा सवंगडी होऊन बसतो. ज्या घरांत तिन्हीसांजेस मरणाचे नाव काढू देत नाहीत, त्या घरांत चौदा वर्षांचा मुलगा कंदिलाच्या नव्हे पण विजेच्या दिव्याखाली बसून परलोकाचे नकाशे वाचतो आहे, हे दृश्य वडिलांस रुचू नये यात नवल नाही.

परंतु हे दृश्य वाटते तितके नवे नाही. बाणभट्टाच्या हर्षचरितात एक प्रसंग आहे. वडील अत्यवस्थ असल्याची वार्ता ऐकून हर्ष घाईघाईने राजधानीत परततो, तेव्हा बाजारपेठेत त्यास एक यमपट दाखविणारा मनुष्य दिसतो. काठीला टांगलेला चित्रपट, त्यावर रेड्यावर बसलेला यम, हातात वेताची छडी घेऊन परलोकाची हकीकत सांगणारा तो मनुष्य, आणि त्याच्याभोवती कुतूहलाने दाटी करून उभी असलेली मुले! सातव्या शतकातील ही मुले आणि आमच्या आळीतील मुले यांत आम्हांस तरी फारसा भेद दिसत नाही. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात चाणक्याचा हेर घरोघर हिंडतो तो यमपट घेऊनच. म्हणजे हा धंदा इतका रूढ होता की, त्याच्या आड हेरगिरी बेमालूम खपून जात असे. चित्रे एकामागून एक दाखवीत कथा सांगण्याची ही परंपरा आपल्या पैठणच्या चित्रांत आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींत चालत आली. जपानातही गल्लीत सायकल उभी करून, लाकडी चौकटीत चित्रपत्रे सरकवीत मुलांस गोष्टी सांगणारे लोक १९३० नंतरच्या दशकात मोठ्या संख्येने होते. त्या खेळास तेथे 'कामिशिबाई', म्हणजे कागदी नाटक, म्हणत. स्मशानात जन्मलेल्या किटारो नावाच्या भूतबालकाची गोष्ट प्रथम त्या खेळातच अवतरली आणि पुढे शिगेरू मिझुकी यांच्या लेखणीने ती चित्रकथा म्हणून घरोघर गेली.

आता आमच्या तालुक्याकडे यावे. जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी ज्या गावाच्या नावाने ओळखली जातात ते गाव सिल्लोड तालुक्यात असले, तरी लेणी मात्र आमच्या सोयगाव तालुक्यात, फर्दापुराजवळ आहेत. आमच्या गावाशेजारच्या डोंगरावरील किल्ल्यास वेताळवाडीचा किल्ला म्हणतात आणि जवळच्या जंजाळ्याच्या बौद्ध लेण्यास घटोत्कचाचे नाव आहे. म्हणजे भुतांचा राजा आमचा शेजारी आणि राक्षसपुत्र त्याचा शेजारी! असो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या टोकाला एका प्रचंड चक्राचे चित्र आहे. त्याचा पुष्कळसा भाग झडून गेला आहे. परंतु चक्रास कवटाळून धरणारे मोठाले हात आणि आतील घरांतील लहान लहान माणसे अजून ओळखता येतात. प्रथम आलेल्या इंग्रज प्रवाशांस ते राशिचक्र वाटले आणि त्यावरून या लेण्यास 'राशिचक्राचे लेणे' असेच नाव पडले होते. वस्तुतः ते भवचक्र आहे. जन्म, मरण आणि पुन्हा जन्म यांचा फेरा त्यात काढलेला आहे.

हे चक्र तेथेच का काढले, याचे उत्तर दिव्यावदान या ग्रंथात सापडते. मौद्गल्यायन हा बुद्धाचा शिष्य नरकादी लोकांत फिरून येई आणि तेथे पाहिलेले लोकांस सांगे. त्यामुळे भरकटलेली माणसे ताळ्यावर येत. परंतु एकटा मौद्गल्यायन सर्वत्र कसा पुरणार? म्हणून बुद्धाने आज्ञा केली की, विहाराच्या प्रवेशाशी पाच घरांचे चक्र काढावे; त्यात नरक, पशू, प्रेत, देव आणि मनुष्य अशा पाच गती दाखवाव्या; मध्ये आसक्तीचे चिन्ह म्हणून पारवा, द्वेषाचे चिन्ह म्हणून सर्प आणि मोहाचे चिन्ह म्हणून डुक्कर काढावे; आणि हे सारे चक्र अनित्यतेने धरले आहे असे दाखवावे. एवढे सांगून तो थांबला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांस चित्राचा अर्थ सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी, असेही त्याने सांगितले. आणि भिक्षूंनी प्रथम अजाण माणसे नेमली तेव्हा, जाणता भिक्षूच नेमावा, अशी दुरुस्तीही केली. आमच्या मते या साऱ्या कथेतील हा शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. मरणाचे चित्र नुसते टांगून चालत नाही. त्यापाशी जाणता मनुष्य बसवावा लागतो.

हे मनात धरून आम्ही त्या जपानी पुस्तकांपैकी काही वाचून पाहिली. प्रथम जी गोष्ट ध्यानात आली ती ही की, त्यांतील परलोक आम्हांस परका वाटेना. त्यांचा 'एम्मा' म्हणजे आपला यमच होय. वेदांतील यम हा मरण पावलेला पहिला मनुष्य आणि म्हणून पितरांचा राजा. तो बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तेथे त्याने न्यायाधीशाचा झगा चढविला, दहा न्यायाधीशांपैकी पाचवा झाला, आणि त्याच वेषात जपानात उतरला. मेलेल्या माणसाची पस्तिसाव्या दिवशी त्याच्यापुढे चौकशी होते. त्याच्यापाशी चित्रगुप्ताच्या खातेवहीसारखी वही आहे, आणि जन्मभराची कृत्ये जशीच्या तशी दाखविणारा आरसाही आहे. आपली वैतरणी तशी त्यांची 'सान्झू' नदी. तिच्या उतराईसाठी प्रेताबरोबर सहा नाणी ठेवीत. आपल्याकडे दहावे, अकरावे, तेरावे. त्यांच्याकडे एकोणपन्नास दिवस. आपला पितृपक्ष, तसा त्यांचा 'ओबोन' सण; त्या वेळी पूर्वजांस येण्यासाठी काकडीचा घोडा आणि जाण्यासाठी वांग्याची गाय काड्यांचे पाय लावून मांडतात. घोडा वेगवान, म्हणून येताना घोडा. गाय संथ, म्हणून निरोपाच्या वेळी गाय! ज्याने ही कल्पना प्रथम काढली त्याच्या अंतःकरणाची जात ओळखीची वाटते.

चित्रकथाकारांनी या जुन्या सामग्रीची जी नवी मांडणी केली आहे, ती मात्र पाहण्यासारखी आहे. नात्सुमी एगुची यांच्या 'होझुकी नो रेईतेत्सू' या २०११ ते २०२० या काळात प्रसिद्ध झालेल्या कथेत नरक म्हणजे एक भले मोठे सरकारी कार्यालय आहे. एम्मा हा भोळसट वरिष्ठ अधिकारी, आणि होझुकी नावाचा त्याचा शिंगवाला चिटणीस सगळा कारभार हाकतो. कामाचा डोंगर, माणसांची टंचाई, खात्याखात्यांतील कुरबुरी हे सर्व वाचताना नरकाची भीती तर वाटत नाहीच, उलट आपल्या तहसील कचेरीची आठवण होते. योशिहिरो तोगाशी यांच्या १९९० ते १९९४ मधील 'यू यू हाकुशो' या कथेत एक उनाड मुलगा रस्त्यावरील एका लहान पोरास वाचविण्यासाठी मोटारीखाली उडी घेतो आणि मरतो. परलोकात मोठाच घोटाळा होतो. कारण असला मुलगा असे काही करील अशी तेथे कोणाची अपेक्षाच नव्हती, आणि त्यामुळे त्याच्यासाठी स्वर्गात वा नरकात जागाच राखून ठेवलेली नव्हती. शेवटी त्यास परत येण्याची संधी द्यावी लागते. यमदूत चुकून भलत्याच माणसास घेऊन गेले आणि वही पाहून त्याला परत सोडले, अशा गोष्टी आपल्या आजीच्या तोंडीही असत. परंतु तेथे चूक दूतांची असे. येथे दूत चुकलेले नाहीत. माणसाने ऐन वेळी आपल्या स्वभावाबाहेरचे एक सत्कृत्य केले आणि त्यामुळे वहीच खोटी पडली. सावित्रीने यमास वादात जिंकले, या मुलाने त्यास नकळत जिंकले.

तिते कुबो यांच्या 'ब्लीच' या २००१ ते २०१६ पर्यंत चाललेल्या कथेत मृतात्म्याच्या छातीतून एक साखळी निघालेली असते. जिवंतपणीची आसक्ती जेथे गुंतली, तेथे तो आत्मा या साखळीने जखडून राहतो. इंग्रजी भाषांतरात तिला दैवाची साखळी म्हटले आहे. मूळ जपानी शब्द मात्र 'इंगा' असा असून त्याचा अर्थ हेतू आणि फल, म्हणजे कारण आणि कार्य, असा आहे. हा शब्द बौद्ध परंपरेतून आलेला. आपण ज्यास दैव म्हणून हात टेकतो, त्यास ही परंपरा कारणांची साखळी म्हणते. आणि साखळी म्हटली की तिच्या कड्या मोजता येतात, एखादी तोडताही येते. हा भेद शब्दांचा खेळ नव्हे, हे आम्हांस पुढे जो अनुभव आला त्यावरून चांगलेच समजले.

तो अनुभव सांगण्यापूर्वी आणखी एका पुस्तकाची ओळख करून देणे भाग आहे. त्याचे नाव 'डेथ नोट', म्हणजे मृत्यूची वही. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली व ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही कथा २००३ ते २००६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. एका मृत्युदेवाची वही पृथ्वीवर पडते आणि एका अत्यंत हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते. तिच्यात ज्याचे नाव लिहावे तो मनुष्य मरतो. मात्र लिहिताना त्याचा चेहरा मनापुढे असला पाहिजे. मरणाचे कारण न लिहिल्यास ४० सेकंदांत हृदय बंद पडते. विद्यार्थी प्रथम गुन्हेगारांची नावे लिहितो, मग आपल्या आड येणाऱ्यांची लिहितो, आणि अखेरीस तो मृत्युदेव आपल्या वहीत त्याचेच नाव लिहून मोकळा होतो. या मृत्युदेवांस प्रत्येक माणसाच्या डोक्यावर त्याचे नाव आणि उरलेले आयुष्य लिहिलेले दिसते. आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. जपानी कथेतील अंक आणि सटवाईचा लेख एकाच घराण्यातले दिसतात. फरक इतकाच की, सटवाईची लेखणी माणसाच्या हाती कधी लागत नाही. आणि कथेच्या अखेरीस जो नियम सांगितला आहे, तो तर सर्वांत कठोर आहे. मेल्यावर स्वर्ग नाही, नरक नाही. सर्वांस सारखेच शून्य. जेथे यमाचा आरसाही नाही आणि पुन्हा जन्मही नाही, तेथे मनुष्याने जिवंतपणी केलेले कोणाच्या खाती जमा व्हावे? कथा हा प्रश्न विचारून थांबते, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले तो घेऊन झोपी जातात.

आमचा नातू त्यांतलाच एक. त्याच्या शाळेतील काही मुलांनी काळ्या पुठ्ठ्याची एक वही केली होती आणि तीत ती खेळ म्हणून नावे लिहीत. न आवडणारे मास्तर, क्रिकेटमध्ये बाद ठरविणारा पंच, असली मंडळी तीत होती. आमच्या कुटुंबास ही पुस्तके मुळीच आवडत नसत. मरणाची पुस्तके घरात नकोत म्हणून एके दिवशी सकाळी तिने त्यांतील एक बंबात घातले. नातू त्या दिवशी जेवला नाही. पुढे पाच महिन्यांनी, श्रावणात, ती गेली. पुष्कळ वर्षांचा मधुमेह, त्यातून निकामी झालेली मूत्रपिंडे, जळगावच्या फेऱ्या. घरातील मोठ्या माणसांस हे अनपेक्षित नव्हते. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. मुलाने हात जोडून सांगितले, सुनेने सांगितले, आम्हीही जे सांगावयाचे ते सांगितले. ऊन चढले तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. असे अनेकांच्या दहाव्याला घडते. परंतु त्या दिवसापासून मुलगा बोलेनासा झाला.

तेराव्यानंतर एका रात्री तो आमच्या खाटेशी येऊन बसला आणि खाली पाहूनच म्हणाला, "नाना, मी आजीचं नाव वहीत लिहिलं होतं."

आम्ही म्हणालो, "पुस्तक जाळलं त्या दिवशी?"

त्याने मान हलविली. आम्ही त्यास त्याच्याच शास्त्राने समजावू पाहिले. म्हटले, "अरे, तुमच्या त्या पुस्तकात चाळीस सेकंदांचा नियम आहे ना? तुझी आजी त्यानंतर पाच महिने जगली. तुला पुरणपोळ्या करून घातल्या."

"ते मला कळतं, नाना," तो म्हणाला. "मग कावळा का नाही शिवला?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. 'ती खेळातली वही, ती खोटी' असे म्हणणे सोपे होते. पण मग कावळा खरा का, हा त्याचा पुढचा प्रश्न असता, आणि तो विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. एका बाजूस जपानी मृत्युदेवाची वही आणि दुसऱ्या बाजूस आमचा कावळा, यांच्यामध्ये ते मूल सापडले होते. आणि दोन्हींनी मिळून त्यास अपराधी ठरविले होते. तेव्हा आम्ही वाद घातला नाही. कपाटातून तिच्या दुखण्याची फाइल काढली. दोघांनी मिळून ती पहिल्या कागदापासून वाचावयास घेतली. पहिल्या कागदावरील तारीख त्याच्या जन्माच्या दोन वर्षे आधीची होती. त्यावर साखरेचा आकडा होता. मग वर्षामागून वर्ष आकडे वाढत गेलेले. मध्येच औषध बदललेले. मग पायांवरील सूज. मग रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा प्रथमच लाल शाईने अधोरेखित केलेला. त्या वेळी तो तिसरीत होता. तो बोटाने तारखा मोजीत होता. ज्या दिवशी त्याने नाव लिहिले त्या दिवसापर्यंत येण्यास आम्हांस दीड तास लागला. त्या दिवसाचा कागद फाइलीत नव्हताच. त्या आधीचा आणि त्या नंतरचा, दोन्ही एकाच उतरणीवरचे होते. त्याने फाइल मिटली आणि बऱ्याच वेळाने तो रडला. ती गेल्यापासून तो प्रथमच रडत होता.

चित्रगुप्ताच्या वहीविषयी आम्ही आजवर पुष्कळ ऐकले आहे. पण त्या रात्री आमच्या मनात आले की, कारणांची जी साखळी बौद्ध लोक सांगतात ती एखाद्या खाकी पुठ्ठ्याच्या फाइलीतही असू शकते. कोणी कोणाचे नाव लिहिले म्हणून मनुष्य मरत नाही. आणि कोणी काही केले नाही म्हणून आपोआपही मरत नाही. आपल्या शास्त्रकारांनीही संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग केले आहेत. साचलेले, भोगास आलेले आणि आज घडत असलेले. बोलताना आपण पहिल्या दोघांस मिळून 'नशीब' म्हणतो, आणि तिसऱ्याचे नावच काढीत नाही.

पुढे दिवाळीच्या सुटीत आम्ही त्यास सतराव्या लेण्यात नेले. चक्र त्याने पाहिले, आणि लेण्याच्या लेखाविषयी आम्ही जे सांगितले तेही ऐकले. ते वाचकांसही सांगण्याजोगे आहे. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकनृपती हरिषेणाच्या कारकीर्दीत, त्याच्या एका मांडलिकाने कोरविले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ साली ग्रंथरूपाने संपादून प्रसिद्ध केले, त्यांत या लेण्याचा लेख आहे. त्या मांडलिकास रविसांब नावाचा धाकटा भाऊ होता. दोघे भाऊ एकत्र वाढले, एकत्र पराक्रम गाजविला. पुढे धाकट्यावर अनित्यतेचा वज्रपात झाला. थोरल्याचे मन संसारातून उडाले आणि त्याने आपले धन पुण्यकार्याकडे वळविले. म्हणजे ज्या ओसरीत मरणाचे चक्र काढले आहे, ती ओसरी मुळात एका भावाच्या शोकातून उभी राहिली आहे. लेखात अनित्यतेवर दोष ठेवलेला आहे, पण तो दोष ठेवून राजा स्वस्थ बसलेला नाही. भाऊ परत आणणे त्याच्या हाती नव्हते. डोंगर कोरविणे होते. नातवाने विचारले, "त्या रविसांबाचं चित्र आहे का कुठं?" आम्हांस ठाऊक असलेले असे चित्र नाही. नाव तेवढे राहिले आहे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींचा इतिहासही दैववाद्यास मोहात पाडणारा आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर येथे वर्षानुवर्षे राहून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. रवींद्रनाथांच्या परिचयातून भारतात आलेले जपानी चित्रकार काम्पो आराई यांनी १९१७-१८ च्या सुमारास केलेल्या प्रती टोकियोस गेल्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या शैलीशी ज्यांचे नाते सांगितले जाते, ती होर्यूजी मंदिराची भित्तिचित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी, त्यांच्या प्रती करण्याचे काम चालू असतानाच, आगीत करपली. एवढे वाचले की 'शाप' हा शब्द ओठांवर येतो. परंतु जपानी लोकांनी काय केले? त्यांनी १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि पुढे २६ जानेवारी हा दिवस आगीपासून वारसा वाचविण्याचा दिवस ठरविला. त्या दिवशी देशभर मंदिरांतून पाण्याचे बंब चालवून पाहतात. शापास शांत करावयाचे तर ती रीत आम्हांस अधिक पटते.

मनुष्याच्या मनास योगायोग सहन होत नाही, हे आम्हीही जाणतो. आमच्या तालुक्यातील पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्यावर नितीन देसाई यांनी २०१२ साली चित्रपट काढला. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, महानोर गेले. दोन्ही वार्ता लागोपाठ कानी आल्या तेव्हा आमच्याही मनाने क्षणभर कोणाच्या तरी हातची लेखणी शोधली. परंतु एका दिवसाच्या अंतराने आलेल्या दोन मरणांची कारणे निरनिराळी होती, आणि त्यांस एका ओळीत बसविणारे आपणच असतो. शोकाच्या भरात अशी ओळ लिहिणे क्षम्य आहे. ती ओळ हाच निर्णय मानून बसणे मात्र घातक आहे. आणि ते केवळ मुलांनाच घातक आहे असे नाही. आमचा प्रदेश कापसाचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. कठडा नसलेल्या विहिरीत पोर पडले, नशीब. अंधारात पाणी द्यावयास गेलेल्यास साप चावला आणि उपचारास उशीर झाला, नशीब. कर्जाने गांजलेल्या मनुष्याने महिनाभर कोणाशी धड भाषण केले नाही आणि एके दिवशी तो नाहीसा झाला, तेही नशीब. सटवाईवर एवढा भार घालण्याचा आपणांस काय अधिकार आहे? तिने कपाळी लिहिले असेल ते असो. विहिरीचा कठडा बांधू नये असे तिने कोठेही लिहिलेले नाही.

तेव्हा ही पुस्तके मुलांस वाचू द्यावीत की नाही, या प्रश्नास आमचे उत्तर असे की, ती वाचू द्यावीत आणि आपणही वाचावीत. त्यांत कित्येक उथळ आहेत, रक्तपाताची हौस असलेली आहेत; ती निवडून बाजूस काढण्यास घरात वाचणारा वडील मनुष्य लागतो, आणि बंब हे काम करू शकत नाही. उलट काहींत फार चांगले असे काही आहे. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात बुद्धाचे चरित्र हजारो चित्रांतून सांगितले, ते आपल्या घरी असण्यास काय हरकत आहे? वर ज्यांचा उल्लेख आला त्या मिझुकींची गोष्ट तर विशेष स्मरणीय आहे. लहानपणी त्यांच्या घरी 'नोन्नोनबा' म्हणून एक म्हातारी येत असे. ती त्यांस भुताखेतांच्या गोष्टी सांगे आणि गावच्या मंदिरात नेऊन नरकाचे आणि स्वर्गाचे चित्र दाखवी. पुढे महायुद्धात हा मनुष्य न्यू ब्रिटन बेटावर लढावयास गेला, बहुतेक सोबती गमावले, स्वतःचा डावा हात गमावला, आणि परत येऊन उजव्या हाताने आयुष्यभर भुतांची चित्रे काढीत २०१५ पर्यंत, त्र्याण्णव वर्षे, जगला. त्याची भुते माणसांस छळण्यापेक्षा माणसांकडे पाहून हसतात अधिक. ज्याने खरे मरण पाहिले त्यास चित्रातील मरणाचे भय उरले नसावे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. लहानपणी त्या चित्राशेजारी एक म्हातारी उभी होती, म्हणून ते चित्र त्याच्या मनात विष न होता राहिले.

विहाराच्या दाराशी चक्र काढा, आणि त्यापाशी जाणता मनुष्य नेमा, ही आज्ञा भिक्षूंस झाली होती. आता विहार ओस पडले आहेत आणि चक्र मुलांच्या तळहातावर येऊन बसले आहे. नेमणूक मात्र रिकामीच आहे. ती भरण्यास विद्वत्ता लागत नाही. रात्री मूल खाटेशी येऊन बसेल तेव्हा जागे असावे लागते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नाही त्याचे खोटे उत्तर न देण्याइतका धीर असावा लागतो.